फ्रिजमध्ये ठेवू का?

प्रश्न : मुलाने फ्रान्सहून ‘कोत द्यू रोन’ची सेंद्रिय रेड वाइन आणली आहे. कशी प्यावी? सोबत काय?

उत्तर : ही बहुधा ग्रनाश, सिरा, मूर्वेद्र अशा द्राक्षांची मिश्र वाइन. ग्रनाशमुळे लाल फळांचा स्वाद, सिरामुळे गडद रंग आणि काळ्या मिरीचा वास. १६ ते १८ अंशांवर ती खुलते. आपल्या दिवाणखान्यातल्या तीस अंशांत अल्कोहोलच नाकाला झोंबतो. तेव्हा तास-दीड तास खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास तिसरा हिस्साच भरा, घोळवा, हुंगा, मग घोट. सेंद्रिय म्हणजे सल्फाइट या परिरक्षकापासून मुक्त नव्हे. युरोपीय नियमांत सेंद्रिय ड्राय रेडला लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, एरवी १५०. तिकडे भाजलेले कोकरू किंवा भाज्यांची रातातुई सोबत घेतात. तुमचे सुके मटणही चालेल, पण तिखट बेताचे. झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे ही वाइन कडू लागते.