मुलांच्या आणि गुरांच्या चालीने

आजचा शास्त्रपाठ : उत्पत्ति ३३:१२-१७



हा भाग आपण बहुतेक घाईत वाचतो. याकोब आणि एसाव भेटले, गळ्यात पडून रडले, की आपलं मन भरतं आणि आपण पुढच्या अध्यायाकडे वळतो. पण रडणं झाल्यावर दोघा भावांचं थोडं बोलणं झालेलं आहे. एसाव म्हणतो, चल निघू या, मी तुझ्या पुढे चालतो. त्याच्याबरोबर चारशे माणसं आहेत, सगळी धडधाकट. याकोब नम्रपणे नको म्हणतो. मुलं कोवळी आहेत, शेरडामेंढरांना आणि गाईंना पिलं आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटलं तरी कळप मरून जाईल. आपण पुढे व्हा, मी मुलांच्या आणि गुरांच्या चालीने मागून येतो.

इतकी वर्षं वाचूनही मी या वाक्यापाशी कधी थांबले नव्हते. थांबले ती दिरांच्या बैलामुळे.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. आम्ही मानखुर्दला आलो, धाकटे दीर शेतीवर राहिले. शर्यतीच्या बैलांचं वेड त्यांना सासऱ्यांकडून आलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा गावात अनेकांनी बैल विकले. दिरांनी विकले नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, तोवर ती जोडी म्हातारी झाली होती. मग नवी खिलार खोंडं तयार करायला घेतली. बंदी आली तेव्हा पुतण्या सात वर्षांचा होता. त्याने शर्यत फक्त ऐकलेली. त्यामुळे खोंडांना पहाटे फिरवणं, धुणं, उडीद आणि पेंड चारणं हे सगळं त्याने अंगावर घेतलं. मला स्वतःला या शर्यती फारशा रुचत नाहीत, हे सांगून टाकते. जनावराच्या वेदनेबद्दल २०१४ च्या निकालात जे म्हटलं होतं ते सगळंच काही चुकीचं नव्हतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या गावच्या यात्रेत आमचा गाडा होता. माझा मुलगाही गेला होता. तो पुतण्यापेक्षा वर्षाने लहान. आमच्याकडच्या घाटात गाड्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडी धावते, मागे बैल सुटतात आणि काही सेकंदांत बारी संपते. वर्षभराची मेहनत, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं आटोपतं! सकाळची बारी छान झाली, दुपारच्या फायनलला नाव लागलं.

मधल्या वेळात एका खोंडाने पाण्याला तोंड लावलं नाही. उभा राहताना पुढचा उजवा पाय तो नुसता टेकवत होता. पुतण्याला हे आधीच दिसलं होतं, पण तो बोलला नव्हता. दिरांनी पाय चाचपला आणि कासरा सोडून घेतला. पोरगं सगळ्यांसमोर ओरडलं, "आप्पा, एकच बारी राहिली होती!" दीर म्हणाले, "बारी राहिली ना? राहू दे. बैल राह्यला पायजे."

पिकअपमध्ये दीर मागे बैलाजवळ उभे राहून आले. पुतण्या दोन दिवस बापाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात बैलाचा पाय शेकत बसलेला दिसला. बोलणं तेव्हाही नव्हतंच.

खरं सांगू? मला दीरच चुकले असं वाटलं. खुराकाचा खर्च, गाडीभाडं, आणि हातातोंडाशी आलेलं बक्षीस. मी फोनवर म्हटलंही, एक बारी पळाला असता तर काय झालं असतं. ते म्हणाले, "वैनी, त्याला दमलो म्हनता येत नाय ना."

माझ्या मुलाला म्हणता येत होतं. तरी तो म्हणाला नाही.

त्या जूनपासून तो दहावीत. पहाटेचा क्लास, मग शाळा, मग संध्याकाळचा क्लास, आणि रविवारी वाशीला चाचणी. ऑक्टोबरच्या एका रविवारी क्लासमधून फोन आला, मुलगा आलेला नाही. घरातून तर साडेसहाला निघाला होता. आम्ही दोघं धावत स्टेशनवर गेलो. तो मानखुर्दच्या फलाटावर बाकावर झोपला होता, दप्तर उशाला. समोरून किती लोकल गेल्या त्याला पत्ता नव्हता. जागा झाल्यावर एवढंच म्हणाला, "आई, पाच मिनिटं म्हणून बसलो गं."

त्या रात्री हा अध्याय पुन्हा काढला. आधीचा अध्यायही वाचा. यब्बोकच्या काठी रात्रभर झुंज झाली आणि याकोबाची जांघ निखळली. म्हणजे चारशे माणसांपुढे उभा असलेला हा माणूस स्वतःच लंगडत आहे. मुलांचं आणि गुरांचं दमणं त्याला दिसलं ते त्यामुळेही असेल.

काही जण म्हणतात, ही याकोबाची सबबच होती. सेईरला येतो म्हणाला आणि सुक्कोथला गेला. ते मला नाकारता येत नाही, याकोब याकोबच आहे. पण १७ व्या वचनात पाहा, तिथे त्याने स्वतःला घर बांधलं आणि गुरांसाठी खोपटी केली. त्या जागेला नाव मिळालं ते खोपट्यांवरून, घरावरून नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगा घरीच होता. त्याने मोबाईलवर अलास्कातली एक शर्यत दाखवली, ज्युनिअर इडिटारॉड. कुत्री बर्फावरून घसरगाडी ओढतात आणि गाडी हाकणारी मुलं-मुली १४ ते १७ वर्षांची, म्हणजे आमच्या दोघा पोरांच्याच वयाची. १९७८ पासून ही शर्यत चालू आहे. अंतर सुमारे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. मला वाटलं, चला, इथेही पळापळच. पण अर्ध्या वाटेवर दहा तास थांबणं सक्तीचं आहे. थांबल्यावर मूल आधी कुत्र्यांचं पाणी, खाणं आणि पाय बघतं, त्यांना गवतावर निजवतं, मग स्वतःचं बघतं. वाटेत एखादा कुत्रा दमला तर त्याला गाडीत घालून आणतात, बाकीचे ओढतात. "आई, थांबायचा नियमच आहे बघ," मुलगा म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

आमच्या घरात असा नियम नव्हता. पहाटेचा क्लास आम्ही बंद केला. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

दिरांचा खोंड पावसाळ्यानंतर बरा झाला. पुतण्या आता त्याला पळवायची घाई करत नाही, असं जाऊबाई सांगतात.

त्यानंतरच्या रविवारी मुलगा दहा वाजेपर्यंत झोपला होता. मी दाराशी दोनदा गेले, हाक मारली नाही, आणि उपासनेला एकटीच गेले. पाळकसाहेबांनी विचारलं, चिरंजीव कुठे? म्हटलं, मागून येतोय.