मोह वेचायला जाताना : अस्वलापासून सांभाळा, जखमेला जपा

मार्च महिना लागला, की आमच्या पूर्व विदर्भात मोह गळू लागतो. पहाटे तीन-चार वाजता टोपल्या घेऊन बायामाणसे जंगलाची वाट धरतात. मोह संपतो न संपतो तोच तेंदूपत्ता तोडण्याचे दिवस येतात. दवाखान्यात बसणाऱ्या आम्हा डॉक्टरांना या हंगामाची वेगळीच खूण माहीत आहे. याच दिवसांत अस्वलाने फाडलेले रुग्ण येतात.

मी ग्रामीण रुग्णालयात नवीन असतानाची गोष्ट. एका सकाळी चाळिशीच्या एका बाईला जीपमधून आणले. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सुटून लोंबत होती, एक डोळा गेलेला होता आणि गालावरच्या जखमेत कोणीतरी हळद आणि चुना भरला होता. मी घाबरलो होतो आणि मला घाईही झाली होती. रक्त थांबवले, वरवर धुतले आणि जखमा घट्ट टाके घालून बंद केल्या. चौथ्या दिवशी चेहरा सुजला, टाक्यांतून पू येऊ लागला. सगळे टाके काढून बाईंना मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. बाई वाचल्या. त्यांचा डोळा अस्वलाने घेतला. पण गालावरचा तो वाकडा व्रण बऱ्याच अंशी माझ्या घाईचा आहे, हे मी विसरलेलो नाही.

नंतर तपासणीसाठी त्या आल्या, तेव्हा मी शहाणपणाने सांगितले, ''आता जंगलात जाऊ नका.'' त्या म्हणाल्या, ''जंगलात नाही गेलो त खावाचं काय, डाक्टरसायेब?'' माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून 'जाऊ नका' असे या लेखात मी सांगणार नाही. जाताना काय करावे आणि दुर्दैवाने हल्ला झालाच तर काय करावे, एवढेच सांगणार आहे.

अस्वल अंगावर का येते?

माझ्या पिढीने अस्वल पहिल्यांदा पाहिले ते दरवेशाचे. नाकात दोरी, डमरूच्या तालावर नाच, आणि मुलांच्या गळ्यात बांधायला त्याच्या केसांचा ताईत. ते अस्वल गरीब वाटे, कारण त्याचे सुळे पाडलेले असत. तो खेळ कायद्याने बंद झाला, हे चांगलेच झाले. पण 'अस्वल म्हणजे सुस्त, गमतीदार प्राणी' हा समज मागे राहिला. जंगलातले अस्वल तसे नसते. मोठा नर शंभर किलोंच्याही वर भरतो. पुढच्या पंजाची नखे माणसाच्या बोटाएवढी लांब असतात. ती वारुळे उकरण्यासाठी असली, तरी माणसाच्या चेहऱ्यावर पडली की काय होते ते आम्ही पाहतो. धावण्यात माणूस त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. ते झाडावरही चढते.

असे असले तरी अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही. त्याचे अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभरे आणि मोहफुले. त्याचे नाक फार तीक्ष्ण असते, पण नजर आणि कान बेताचेच. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी ओढू लागले, की त्याचा स्वतःचाच आवाज एवढा होतो, की माणूस जवळ आलेला त्याला कळत नाही. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असेल, तर आपला वासही त्याला लागत नाही. मग चार-पाच हातांवर एकदम माणूस दिसतो. अस्वल दचकते आणि दचकलेले अस्वल पळून जाण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते. मागच्या पायांवर उभे राहून ते तोंडावर, डोक्यावर पंजा मारते व चावते.

मोहाच्या हंगामात ही गाठ हमखास पडते, कारण झाड एकच आणि वेळही एकच. रात्री गळलेली फुले खायला अस्वल पहाटे येते, वेचायला आपणही पहाटेच जातो. शिवाय हिवाळ्यात व्यालेली मादी या सुमारास पिले पाठीवर घेऊन फिरत असते. ती जास्तच बिथरलेली असते.

यातून मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी : अस्वलाला आपली चाहूल लांबूनच लागली पाहिजे. चाहूल लागली, की ते बहुधा स्वतःच वाट सोडते.

जाताना काय करावे?

१) एकट्याने जाऊ नये. तिघा-चौघांनी मिळून, बोलत, गाणी म्हणत जावे. जंगलात गुपचूप चालणे हे शिकाऱ्याचे काम, वेचणाऱ्याचे नव्हे.

२) हातात लांब काठी ठेवावी आणि काठीला बैलाच्या गळ्यातील घुंगरू किंवा घंटी बांधावी. पाऊल पडेल तसा आवाज होतो, तोंड दुखत नाही आणि काठी वेळेला उपयोगीही पडते.

३) शक्यतो उजाडल्यावर निघावे. अंधारात जाणे भागच असेल तर बॅटरी घ्यावी. झाडाखाली जाण्याआधी थोडे अंतर राखून थांबावे, खाकरावे, काठी आपटावी, मग पुढे जावे.

४) मोहाखालचा पाचोळा जाळू नये. वणवा पेटतो, जनावरे बिथरून सैरावैरा होतात. झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी अंथरली, तर फुले स्वच्छ मिळतात आणि झाडाखाली वाकून राहण्याचा वेळही कमी होतो.

५) तेंदूपत्ता तोडताना माणूस झुडपात वाकलेला असतो आणि समोरचे दिसत नाही. दर थोड्या वेळाने उभे राहून चारी बाजूंना पाहावे व हाका माराव्यात. नाल्याच्या कपारी, दाट झुडपे, खडकांच्या गुहा टाळाव्यात. दिवसा अस्वल तेथेच विसावते.

६) पहाटे शौचाला झुडपात जाताना अनेकांवर हल्ला होतो. घरचा संडास वापरणे हा रोगराईवरचा उपाय आहेच, आमच्या भागात तो अस्वलावरचाही उपाय आहे.

७) शिबिरासाठी, भटकंतीसाठी किंवा तेंदूपत्त्याच्या कामासाठी जंगलालगत मुक्काम असेल, तर मोह, जांभूळ, उंबर अशा फळाफुलांच्या झाडाखाली, वारुळाजवळ किंवा पाणवठ्याच्या वाटेवर बिछाना टाकू नये. स्वयंपाक झोपण्याच्या जागेपासून दूर करावा. उष्टे, गूळ, फळांच्या साली जवळ ठेवू नयेत. रात्री उठावे लागले तर बॅटरी लावून आणि सोबत घेऊनच जावे.

समोर आलेच तर?

अस्वल लांब असेल आणि त्याने पाहिले नसेल, तर आल्या वाटेने मागे फिरावे. त्याने पाहिले असेल, तर पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकावे. ते उभे राहिले म्हणजे हल्लाच करणार असे नाही. पुष्कळदा ते वास घेत असते. पिले दिसली तर जवळ जाऊ नये. दगड मारू नये, घेरू नये. गावात आलेल्या अस्वलामागे गर्दी धावते आणि मग त्यातलाच कोणीतरी आमच्याकडे येतो.

धावून आलेच, तर काठी, टोपली जे हातात असेल ते तोंडासमोर धरावे. त्याने पाडले तर पालथे पडावे. पोट जमिनीला, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफलेली आणि कोपरे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट. पाठीवर पिशवी असेल तर ती तशीच राहू द्यावी. दोन मित्र आणि अस्वल ही शाळेतली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती अगदीच खोटी नाही, पण अपुरी आहे. श्वास रोखण्यापेक्षा चेहरा आणि मान झाकणे महत्त्वाचे. पाठीवरची जखम भरून येते, गेलेला डोळा परत येत नाही. अस्वल दूर गेल्याची खात्री झाल्याशिवाय उठू नये.

जखमीला आणताना

प्रथम रक्त थांबवावे. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी. डोक्याची कातडी सुटली असेल तर ती कापू नये. हलकेच जागेवर बसवून वर कापड बांधावे. डोळ्याला इजा असेल तर मात्र दाब देऊ नये. वरून सैल कापड ठेवावे. चेहऱ्यातून रक्त वाहत असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर त्याला पुढे वाकवून बसवावे. बेशुद्ध असेल तर मान सांभाळून कुशीवर वळवावे. नाही तर रक्त घशात जाऊन गुदमरतो. कान किंवा नाकाचा तुकडा तुटला असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून सोबत आणावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

रक्त आटोक्यात असेल तर जखमा वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवाव्यात. साबण डोळ्यात जाऊ देऊ नये. हळद, चुना, तंबाखू, राख, तिखट यांतले काहीही जखमेत भरू नये.

दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनाबरोबर रेबीजची लसही घ्यावी. पुष्कळांना वाटते, की रेबीज फक्त कुत्र्याचा. वन्य प्राण्याच्या चाव्यालाही तीच काळजी लागते. जखमेभोवती सिरम पहिल्याच दिवशी टोचले पाहिजे. उशीर झालाच तर सातव्या दिवसापर्यंत देता येते. कातडीत लस दिली तर ०, ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही एक जास्त. जखम बरी दिसते म्हणून शेवटचे डोस बुडवू नयेत. रेबीज एकदा झाला, की त्यातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्यच.

आणि डॉक्टर लगेच टाके घालत नाहीत म्हणून नातेवाइकांनी रागावू नये. प्राण्याच्या पंजाने व दातांनी जंतू खोलवर जातात. आधी भरपूर धुणे, सिरम आणि मग गरज असेल तेवढेच सैल टाके, हीच योग्य पद्धत आहे. मी ती एका बाईंच्या चेहऱ्यावर उशिरा शिकलो.

घटना त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वन परिक्षेत्र कार्यालयाला कळवावी आणि दवाखान्याचे सर्व कागद जपून ठेवावेत. वनखात्याची भरपाई मिळण्यासाठी पंचनामा आणि वैद्यकीय दाखला दोन्ही लागतात.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी बरेच जण मोह वेचायला जात नसतील. जे जातात त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती वर्तमानपत्र पडत नाही. म्हणून शिक्षक, आशाताई आणि ग्रामपंचायत सदस्यांना विनंती, की मोह गळायला लागण्यापूर्वी एका संध्याकाळी चावडीवर हे वाचून दाखवावे. पालथे पडून मान कशी झाकायची, हे मुलांकडून एकदा करवूनही घ्यावे. ऐकलेले विसरते, केलेले अंगात राहते.