वायर आमची, शिसं त्यांचं

एका संस्थेची नोटीस आली तेव्हा मी घाबरलो नव्हतो. आमच्या फ्रीमाँटच्या गोदामातून गेलेल्या इअरफोनच्या वायरीत शिसं सापडलंय, कॅलिफोर्नियाच्या प्रपोझिशन 65 कायद्याप्रमाणे तुम्ही इशारा छापला नाही, 60 दिवसांनंतर दावा, असा मजकूर होता. पण पुरवठादाराचं आरओएचएस प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरच्या युरोपीय नियमाचं, माझ्या फाइलीत होतं.

ते प्रमाणपत्र खरं निघालं, हेच जास्त लागलं. आरओएचएसची मर्यादा 0.1 टक्का, म्हणजे 1000 पीपीएम. आमच्या वकीलबाईंनी समोर ठेवलेल्या अशाच दाव्यांच्या जुन्या तडजोडींत वायरीच्या आवरणाला मर्यादा होती 300 पीपीएम. आमची वायर या दोहोंच्या मध्ये अडकली. आवरणाचं पीव्हीसी उष्णतेने बिघडू नये म्हणून शिशाचे क्षार मिसळतात. त्या दिवशी घरी गेलो तर धाकटी तीच वायर तोंडात धरून बसली होती. कुणी काही म्हणो, विकणाऱ्याआधी मी बाप आहे. मला कुणी सांगितलं असतं तर तो माल मी उतरवूनच घेतला नसता.

सांगायचं होतं पुरवठादाराने. तीन वर्षं रात्री-अपरात्री गोड बोलणारा माणूस नोटिशीनंतर फोन घेईना. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं, ‘माल मानकाप्रमाणेच दिला.’

कायद्यात दंड दर उल्लंघनाला दिवसाला 2500 डॉलरपर्यंत आहे. तो आकडा दाखवल्यावर कोण कोर्टात जाईल? आम्ही तडजोड केली. दंडाचे 75 टक्के राज्याला, 25 टक्के तक्रारदार संस्थेला, आणि त्यांच्या वकिलांची फी वेगळी. ती दंडाच्या कितीतरी पट होती. वायर ज्यांच्या घरात गेली त्यांना एक सेंट नाही.

यातून शिकलो ते सांगतो. नोटीस आली की त्याच दिवशी विक्री थांबवा, कारण दिवस मोजले जातात. स्वतः उत्तर पाठवू नका. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील तर हा कायदा लागू नाही, पण अर्धवेळवालेही धरतात. आमचे अकरा झाले होते. कागदपत्रं जपून ठेवा, विमा बघा. आणि प्रमाणपत्रावर विसंबू नका. प्रत्येक खेपेतल्या वायरीचं आवरण कापून आपल्या पैशाने प्रयोगशाळेत एकूण शिसं तपासून घ्या. नुकसानभरपाईचं कलम पुरवठादाराशी होणाऱ्या करारात आधी घाला. नंतर कोणी सही करत नाही. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर अशा सगळ्या नोटिसा असतात. मी त्या पाहिल्या नव्हत्या.

आमचा पुरवठादार तीच वायर अजून विकतोय, फक्त रंग बदललाय.