कुत्रा चावल्यावर दोन औषधे कशासाठी?



बीबीसारख्या गावात शेताच्या वाटेवर किंवा शाळेतून येताना कुत्रा चावला, तर दवाखान्यात दंडाला लस देतात. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेतही वेगळे औषध टोचतात. "एका चाव्याला दोन औषधे कशाला? आणि इतके खेटे कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, कारण एका खेट्यात एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून त्याचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो. त्याच्या अंगावर 'जी' नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. विषाणू पेशीत शिरताना एका बारीक पिशवीत ओढला जातो. तिथली आम्लता वाढली की काटा आपला आकार पालटतो, त्याचे टोक पिशवीच्या पडद्यात रुतते आणि विषाणूचे आवरण त्या पडद्याशी एकजीव होते. वाट मोकळी झाली! पुढे विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. एकदा लक्षणे दिसली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

या काट्याला अडवतात त्या अँटिबॉडी, म्हणजे आपल्या रक्तातील रक्षक प्रथिने. त्या काट्याला ओळखतात त्याच्या आकारावरून. लुगड्याच्या निऱ्या घातल्या की कापडावर लांब असलेली दोन फुले शेजारी येतात. तसेच प्रथिनाची साखळी दुमडली की तिचे दूरचे भाग जवळ येऊन एक ठसा तयार होतो. कुऱ्हाडीच्या नेढ्यात तिचाच दांडा बसावा, तशी अँटिबॉडी त्या ठशावर बसते. काही अँटिबॉडी तर काट्याला असे जखडतात की त्याला आकार पालटताच येत नाही. मिटलेल्या चाकूला दोरी गुंडाळावी, तसे.

लसीत मारलेला विषाणू असतो. त्याचे काटे पाहून शरीर अँटिबॉडी बनवायला शिकते. पण त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात जखमेतला विषाणू थांबत नाही. म्हणून तयार अँटिबॉडी थेट जखमेत सोडतात. पूर्वी ती घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच मिळत असे. आता आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मासबायोलॉजिक्स संस्थेबरोबर अशी एक अँटिबॉडी तयार केली आहे. ती 'जी' काट्यावरील अशाच एका ठशाला धरते आणि पेशींच्या साहाय्याने कारखान्यात बनते.

म्हणजे तयार अँटिबॉडी आजची राखण करते आणि लस उद्याची. एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा:

• चावताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. साबणाने विषाणूचे आवरण फुटते.

• तिखट, चुना, हळद लावू नका. मंत्र-गंड्यात वेळ घालवू नका.

• त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आले असेल तर जखमेतल्या औषधाविषयी स्वतः विचारा.

• लस कातडीत देत असतील तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी जा; दंडात देत असतील तर 14 व्या दिवशीही. जखम भरली म्हणून मात्रा चुकवू नका.

आणि लेकरांना सांगून ठेवा: कुत्र्याने नुसते ओरबाडले तरी घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही. मार बसेल म्हणून लपवलेला चावाच जिवावर बेततो.