पालेभाजी रोज, तरी रक्त कमी का?

मागच्या वर्षी याच दिवसांतली गोष्ट. पस्तिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. सोबत सासूबाई होत्या. तक्रार नेहमीचीच. जिना चढला की धाप लागते, पिंढऱ्या दुखतात, दुपारी एकदा आडवे झाले की उठवत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढरट. रक्त तपासून आणायला सांगितले. हिमोग्लोबिन निघाले ८.२. त्यांच्या वयाच्या स्त्रीला ते निदान १२ तरी हवे.

"पण डॉक्टरसाहेब, आमच्याकडे पालेभाजी रोज असते," बाई म्हणाल्या. सासूबाईंनीही दुजोरा दिला. "थंडी सुरू झाल्यापासून मेथी, चाकवत, करडई, काही ना काही असतंच."

दोघी खोटे बोलत नव्हत्या. म्हणून मी त्यांना पाच प्रश्न विचारले. वाचकहो, तेच प्रश्न आज तुम्हालाही विचारतो. कारण हे एकट्या त्या बाईंचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोन घरे सोडून नव्हे, आपल्याच घरात हा आजार असण्याचा संभव आहे.

पहिला प्रश्न : भाजी केव्हा चिरता आणि केव्हा धुता?

सकाळी डब्याची घाई म्हणून अनेक घरांत भाजी रात्रीच चिरून ठेवतात. सकाळी ती पाण्यात घालून खळखळून धुतात. पालेभाजीतील 'क' जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल ही दोन्ही पाण्यात विरघळणारी. पान चिरले की त्याला शेकडो तोंडे फुटतात आणि तेथून सत्त्व पाण्यावाटे निघून जाते. हवा लागूनही 'क' जीवनसत्त्व कमी होते. फॉलिक आम्ल तर रक्तपेशी तयार होण्यासाठीच लागते.

तेव्हा रात्री भाजी फक्त निवडून ठेवावी. सकाळी अख्खी पाने दोन-तीन पाण्यांतून धुवावीत, निथळावीत आणि चुलीवर कढई ठेवल्यावरच चिरावीत, तीही फार बारीक नको. धुण्यात मात्र आळस नको. मातीबरोबर जंतांची अंडी आणि आमांशाचे जंतू पानांना चिकटून येतात. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, गाजर यांना तर हा नियम दुप्पट लागू.

दुसरा प्रश्न : शिजवलेले पाणी कुठे जाते?

बाईंनी सांगितले, मेथी कडू लागते म्हणून मुले खात नाहीत, त्यामुळे ती मीठ लावून पिळून घेते. चाकवत भरपूर पाण्यात उकडते आणि पाणी ओतून देते. म्हणजे उरलेसुरले सत्त्व मोरीत गेले!

मेथीचा कडूपणा मुगाच्या डाळीने किंवा शेंगदाण्याच्या कुटाने सौम्य होतो. डाळ अर्धा तास भिजवावी. दोन चमचे तेलात लसूण, मिरची परतून डाळ थोडी शिजू द्यावी, मग मेथी घालावी. पानांना स्वतःचे पाणी सुटते, वरून ओतण्याची गरज पडत नाही. झाकण ठेवून पाच-सात मिनिटांत भाजी होते. मीठ शेवटी घालावे, कारण भाजी आळून एवढीशी होते आणि अंदाज चुकतो. तेल टाळू नये. पालेभाजीतून 'अ' जीवनसत्त्व मिळते, ते अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून खाण्याचा सोडा घालतात, तो मात्र अजिबात नको. त्याने 'क' आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वांचा नाश होतो.

चाकवत उकडलेच तर थोड्या पाण्यात उकडावे आणि त्याच पाण्यात ताक-बेसन लावून पातळ भाजी करावी. आपल्या आज्या तशीच करीत.

तिसरा प्रश्न : भाजीसोबत आंबट काय खाता?

वनस्पतीतील लोह आपल्या आतड्यातून सहजासहजी शोषले जात नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाची सोबत मिळाली तर शोषण चांगले वाढते. शिजवताना भाजीतले 'क' जीवनसत्त्व बरेचसे कमी झालेलेच असते. म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. ती भाजीवर पिळावी, आणि कढई खाली उतरवल्यावर, वाढून घेतल्यावर पिळावी. आवळा या दिवसांत स्वस्त असतो, किसून मीठ लावून ठेवला तरी चालतो. पेरू खावा.

घरात जुनी लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर ती खाली काढा. तिच्यात भाजी केली की थोडे लोह भाजीत उतरते. भाजी झाल्यावर मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते व चव बिघडते.

चौथा प्रश्न : जेवल्यावर चहा केव्हा घेता?

"लगेच," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं की मग जरा कपभर घेते." चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर हवे. हाच नियम लोहाच्या गोळीलाही लागू आहे. गोळी चहाबरोबर घेतली तर औषधाचे पैसे पाण्यात.

पाचवा प्रश्न : तुमच्या स्वतःच्या ताटात किती भाजी येते?

यावर दोघी गप्प झाल्या. मग सासूबाईच हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का डॉक्टर, ती सगळ्यात शेवटी जेवते. कढईला राहिलेलं पुसून घेते. मीही माझ्या वेळी तेच केलं."

वाचकहो, खरे निदान येथे झाले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी रोज साधारण १०० ग्रॅम पालेभाजी खावी असे सांगते. शंभर ग्रॅम निवडलेली पाने शिजल्यावर जेमतेम अर्धी-पाऊण वाटी भरतात. सहा माणसांच्या घरात अर्ध्या किलोहून अधिक निवडलेली भाजी लागेल. तेथे एक जुडी आणली तर पाच ताटांत चमचा-चमचा पडते आणि सहाव्या ताटात काहीच पडत नाही. ते सहावे ताट कोणाचे, हे सांगायला नको. दर महिन्याला रक्त जाते तिचे, बाळंतपणे झालेली तीच, आणि भाजी उरत नाही तीही तिलाच.

मी सासूबाईंना एवढेच सांगितले, "आजी, वाढण्यापूर्वी हिची वाटी आधी बाजूला काढून ठेवायची. हे काम तुमच्याकडे."

आणखी दोन गोष्टी. बाजारातून फ्लॉवर, मुळा आणला की त्यांचा कोवळा पाला विक्रेत्याकडेच तोडून टाकू नका. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून आणि फ्लॉवरच्या पाल्याची डाळ घालून उत्तम भाजी होते. एकाच पैशात दोन भाज्या! हंगामात स्वस्त असते तीच भाजी ताजी असते, हेही लक्षात ठेवावे.

आता अपवाद. अळू नीट शिजवून त्यात चिंच घालावीच, नाहीतर घसा खवखवतो. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक, चाकवत रोज खाऊ नये, आणि त्यांनी मात्र उकडलेले पाणी टाकून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कोणती भाजी किती खावी हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवण्यासाठी जे वॉरफेरिन घेतात, त्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये की एकदम बंद करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हिमोग्लोबिन आठवर आलेले असताना केवळ भाजी खाऊन ते भरून निघत नाही. त्याला लोहाच्या गोळ्या लागतात, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शिवाय पाळीत जास्त रक्त जाते का, जंत आहेत का, मूळव्याधीतून रक्त पडते का, हे तपासावेच लागते. भाजीचे काम पुढचे. भरलेले रक्त पुन्हा उतरू नये, हे ती पाहते.

त्या बाईंना जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले. गोळ्यांचा वाटा मोठा, हे मी मान्य करतो. पण गोळ्या पुढे बंद झाल्या, आणि परवा पुन्हा तपासले तेव्हा आकडा १२ वर होता. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "वाटी अजून काढून ठेवते बरं का."

भोगी जवळ आली आहे. त्या दिवशी घराघरात गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे घालून, तिळाचे कूट लावून मिसळीची भाजी होईल, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आपल्या पूर्वजांनी हंगामाचे सारे सत्त्व एका कढईत आणले. त्या दिवशी भाजी थोडी जास्त टाका, आणि पहिली वाटी स्वयंपाक करणारीची बाजूला काढा. दुसऱ्या दिवशीपासून तोच पायंडा चालू ठेवा.