वाक्-उपचाराची पदवी: माहितीपत्रक मिटवा, ओपीडी पाहा

बीएएसएलपी ही श्रवणदोष आणि वाचा-भाषादोषांवरील उपचारांची पदवी. बारावी विज्ञाननंतर तीन वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. आता खासगी विद्यापीठेही हा अभ्यासक्रम चालवतात. नीटचा निकाल लागला की त्यांच्या संकेतस्थळांवर पालकांची धावपळ सुरू होते.

तिथे बहुधा आरशासमोर बसलेले हसरे मूल दिसते आणि त्याखाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘परदेशात संधी’. चित्र खोटे नाही, अपुरे आहे. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाला जिभेची मागची बाजू उचलायला शिकवणे हे काम आहेच. पण पक्षाघातानंतर कपाकडे बोट दाखवूनही ‘चहा’ हा शब्द न सापडणारे आजोबा याच थेरपिस्टकडे येतात. त्यांना गिळता येते का, हे पाहताना ती त्यांच्या गळ्यावर बोटे ठेवते, चमचाभर पाणी देते, स्वरयंत्र वर सरकते का ते चाचपते. ठसका लागला किंवा आवाज घरघरला, तर पुढचा चमचा देत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. एवढ्या जबाबदारीच्या कामाला माहितीपत्रकात ‘गिळण्याचे विकार’ एवढे दोन शब्द मिळतात.

परदेशाचे आमिषही तपासून घ्यावे. अमेरिकेत या व्यवसायासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्या त्या राज्याचा परवाना लागतो. नुसती बीएएसएलपी पुरत नाही. भारतात १९९२च्या कायद्यानुसार पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. म्हणून परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, किती जागांना आहे, हे आधी पाहावे. मग ओपीडीत रोज किती रुग्ण येतात, थेरपी कोणत्या भाषेत चालते, हे विचारावे. मराठी घरातल्या मुलाची भाषा इंग्रजी चाचणीने मोजता येत नाही.

‘नीट हुकली, निदान हे तरी’ हा पालकांचा हिशेब मुलावर अन्याय करणारा आहे आणि रुग्णावरही. एकच अक्षर महिनाभर घोटून घेण्याची चिकाटी घरच्यांच्या आग्रहाने येत नाही. अर्ज भरण्याआधी, परवानगी घेऊन, मुलाला एक सकाळ सरकारी रुग्णालयाच्या वाक्-उपचार विभागात बसू द्यावे. तिथे त्याचे मन रमले नाही, तर हा अर्ज भरू नये.