कैसराचे नाणे आणि आपला देश

शास्त्रपाठ : मार्क १२:१३–१७, यिर्मया २९:४–७, लूक १९:४१–४४

मराठवाड्यातील गावी वर्षातून निदान तीन वेळा राष्ट्रध्वज उभारला जातो. १५ ऑगस्ट व २६ जानेवारी हे दिवस साऱ्या देशाचे आहेत. १७ सप्टेंबर हा मात्र ह्या मुलखाचा स्वतःचा दिवस होय, कारण १९४८ साली त्या दिवशी निजामाच्या सैन्याने शरणागती पत्करली. तामलवाडीसारख्या गावी शाळेच्या पटांगणात लोक जमतात, तेव्हा ख्रिस्ती घरातील मुलेही रांगेत उभी असतात. मग केव्हा तरी त्यांस कोणी विचारतो, कधी थट्टेने, कधी रागानेही, "तुमचा देव तर विलायतेचा. तुम्हांला ह्या झेंड्याचे काय?" ह्या प्रश्नापुढे पुष्कळ साधे बंधू निरुत्तर होतात. कित्येक म्हणतात की, आमचे खरे वतन स्वर्गात आहे, मग ह्या भानगडीत आम्ही कशास पडावे? दुसरे कित्येक इतके भितात की, शेजारी जे जे करतील ते सर्व करून मोकळे होतात. आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

मार्काच्या बाराव्या अध्यायातील प्रश्नही पेचात धरण्यासाठीच विचारलेला होता. परूशी व हेरोदी एरवी एकमेकांच्या वाऱ्यासही उभे राहत नसत, पण येथे ते जोडीने आले. कर द्या म्हटले तर प्रभू परक्या सरकारचा माणूस ठरणार, देऊ नका म्हटले तर बंडखोर ठरणार. शिरगणतीच्या वेळी उठलेल्या गालीलकर यहूदाची व त्याच्या माणसांची काय गत झाली हे सर्वांस ठाऊक होते (प्रेषितांची कृत्ये ५:३७). प्रभूने नाणे मागितले. त्याच्याजवळ ते नव्हते, विचारणाऱ्यांजवळ मात्र तत्काळ सापडले! तिबिर्य कैसराच्या दिनारावर त्याचे मुख कोरलेले असे, आणि हा देवपदास पोचलेल्या औगुस्ताचा पुत्र, असा लेख असे. म्हणजे ते नाणे नुसता कर मागत नव्हते, थोडी पूजाही मागत होते. प्रभूने नाणे त्याच्या धन्यास परत करावयास सांगितले, पूजा मात्र त्यास दिली नाही.

तामलवाडीच्या मनुष्यास हा धडा समजावयास दूर देशी जाणे नको. हे गाव सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर आहे, आणि १९४८ पर्यंत ह्याच रस्त्यावर दोन राज्यांची हद्द होती. सोलापुराकडे इंग्रजांचा अंमल, तुळजापुराकडे निजामाचा. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. हालीवर चारमिनार व त्याच्या कमानीत शेवटच्या निजामाच्या नावाचे पहिले अक्षर असे. कलदारावर इंग्लंडच्या राजाचे मुख असे. हालीचे मोल कमी, म्हणून सोलापुराच्या बाजारात जावयाचे तर बट्टा देऊन नाणे बदलावे लागे. पुढे १९५० साली अशोकस्तंभाचे सिंह असलेली नाणी निघाली, आणि हाली कालांतराने बंद पडला. एकाच रस्त्यावर, एकाच मनुष्याच्या आयुष्यात, तीन मुद्रा होऊन गेल्या. परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्यावर जी प्रतिमा उमटलेली सांगितली आहे, ती कोणताही बट्टा देऊन बदलता येत नाही. कर, कायद्याचे पालन, ध्वजाचा मान, विचारपूर्वक दिलेले मत, ही देशाची देणी होत. ती कुरकुर न करता द्यावी. मनुष्याची उपासना व त्याचा विवेक ही मात्र कोणत्याही राज्याच्या खजिन्यात भरावयाची नव्हेत.

आता "विलायती धर्म" ह्या टोमण्याविषयी. प्रभू आशिया खंडात जन्मला, आणि इंग्रजांची गलबते येण्यापूर्वी कित्येक शतके केरळात ख्रिस्ती मंडळ्या भजन करीत होत्या, एवढे सांगून आपण सुटू शकतो. परंतु तसे सुटणे प्रामाणिकपणाचे नाही, कारण टोमणा मारणाऱ्याने काही तरी पाहिलेले असते. मिशनचा बंगला, मिशनचा पगार, मिशनने दिलेली नावे व पेहराव हे सर्व गावाने पाहिले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने परदेशी मिशनांकडून सरकारास सहकार्य करण्याचे वचन घेतले. त्यामुळे स्वराज्याविषयी मनात सहानुभूती असलेले कित्येक मिशनरी उघडपणे बोलले नाहीत, आणि ज्यांचे धनी गप्प त्या उपदेशकांनी तरी कसे बोलावे? १९३८ च्या आरंभी डॉ. आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. बुद्ध व ख्रिस्त ह्या दोन पुरुषांनी आपले मन वेधले आहे असे त्यांनी सांगितले. परंतु सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी ख्रिस्ती समाज समाज म्हणून कधी झगडला नाही, असा ठपकाही त्यांनी त्याच भाषणात ठेवला. ह्या ठपक्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही.

ज्यांच्यापाशी उत्तर होते असे काही थोडे लोक होऊन गेले. पंडिता रमाबाई १८८९ साली मुंबईच्या राष्ट्रीय सभेत प्रतिनिधी म्हणून बसल्या, तेव्हा त्यांस बाप्तिस्मा घेऊन सहा वर्षे झाली होती. पण ह्या पाठासाठी आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. ते आधी देशभक्त होते, आणि देशाच्या उद्धारास कोणता धर्म उपयोगी पडेल ह्या शोधात असताना आगगाडीत एका सहप्रवासी साहेबाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांपासून दूर राहिल्या व १९०० साली ख्रिस्ती झाल्या. आपल्या देशाची शरम वाटून टिळकांनी धर्म बदलला नव्हता, म्हणून बाप्तिस्म्यानंतर देशावरील त्यांचे प्रेम वाढतच गेले. उपासनेत अभंग व भजन आणण्यासाठी ते झटले, कारण तुकोबांच्या भाषेत ज्यास प्रार्थना करता येत नाही तो मराठी मनुष्य देवापुढे पाहुण्यासारखा बसतो हे त्यांस कळले होते. शेवटी १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी "देवाचा दरबार" उभारावयास घेतला. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा दरबारास दोन वर्षेही झाली नव्हती. तो दरबार टिकला नाही असे कोणी म्हणेल. आम्ही मात्र एवढे पाहतो की, परक्या पैशावर उभ्या असलेल्या मंडळीने देशप्रेमाविषयी बोलावे हे त्यांस पटेना, आणि त्यांनी त्याचे मोल आपल्या भाकरीतून दिले. मिशनरी मित्रांशी त्यांनी वैर केले नाही, हेही सांगितले पाहिजे.

परंतु टिळक ब्राह्मण होते. ज्यांचे आजे गावकुसाबाहेर महारवाड्यात किंवा मांगवाड्यात राहिले, ज्यांस गावच्या विहिरीवर पोहरा टाकता आला नाही, ते विचारतात, "ह्या गावाने आम्हांस काय दिले म्हणून आम्ही ह्या देशावर प्रेम करावे?" हा प्रश्न रागाचा असला तरी खरा आहे. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली व धर्मस्वातंत्र्य दिले. परंतु त्याच १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती बाहेर राहिले. येथे यिर्मयाचे पत्र काढून वाचावे. ते बाबेलात धरून नेलेल्यांस लिहिलेले आहे. संदेष्टा त्यांस सांगतो की, तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांस नेले त्याच्या कुशलासाठी झटा व देवाची प्रार्थना करा. बाबेल चांगले आहे असे तो कोठेही म्हणत नाही. मग आपले काय? आपण तर धरून आणलेले नाही, ही माती आपल्या आजांच्या घामाची आहे. जो ह्या गावास आपले म्हणतो, तोच त्याच्यापाशी न्यायही मागू शकतो. उपऱ्याचा अर्ज कोण वाचणार? म्हणून अर्ज करणे, सभेत उभे राहून बोलणे, ग्रामपंचायतीत निवडून जाणे ही कामे भक्तीच्या उलट आहेत असे आम्ही मानीत नाही.

देशप्रेमाचा एक भाग ध्वजवंदनाच्या दिवशी फारसा कोणी शिकवीत नाही, तो म्हणजे रडणे. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू यरुशलेमाजवळ येतो, लोक जयघोष करीत असतात, आणि नगर दृष्टीस पडताच तो रडतो. १९४८ साली ह्या जिल्ह्याने काय पाहिले? आधी रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. मग १३ सप्टेंबरास सोलापुराहून हिंदी सैन्य निघाले, नळदुर्ग व तुळजापूर घेतले गेले, आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे मात्र सूड उगवला, आणि ज्यांचा काही अपराध नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांसही ठार मारण्यात आले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवाचे, नाव घातले. १७ सप्टेंबरास मुक्तीबद्दल देवाचे उपकार मानावेत, मनापासून मानावेत, आणि त्याच प्रार्थनेत दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांची आठवण करावी. हे ज्यास देशद्रोहाचे वाटेल, त्याने प्रभूच्या आसवांचा अर्थ आधी सांगावा.

आता व्यवहाराचे दोन प्रश्न, जे उपदेशकांस वारंवार सोडवावे लागतात.

ध्वजास वंदन करावे, राष्ट्रगीत उभे राहून गावे. त्यांत मूर्तिपूजा नाही. केरळातील काही मुले विवेकामुळे राष्ट्रगीत गात नसत, पण मानाने उभी राहत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचेही शाळेतील स्थान राखले. आमचे मत गाण्याचेच आहे. परंतु त्याच मांडवात भारतमातेचे चित्र ठेवून नारळ फोडणे व आरती असेल, तर त्यांत भाग घेऊ नये. मात्र ऐन समारंभात तोंड फिरवून निघून जाणे बरे नव्हे. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांस किंवा सरपंचांस भेटून नम्रपणे सांगावे, आणि झाडलोट व पाणी भरण्यास सर्वांच्या आधी हजर राहावे. दानीएलाचे तीन मित्र बाबेलच्या प्रांताचा कारभार मन लावून पाहत होते, म्हणून त्यांच्या नकारास वजन आले.

दुसरा प्रश्न तुळजापूरच्या वाटेचा. कोजागिरीस सोलापुराहून हजारो लोक पायी ह्याच रस्त्याने भवानीच्या दर्शनास जातात, आणि भवानी ही शिवछत्रपतींची कुलदेवता म्हणून येथे देवभक्ती व देशभक्ती एकमेकींत गुंतलेली आहेत. छत्रपतींचा मान आपण मोकळ्या मनाने करावा; त्यासाठी देवीस नवस बोलावा लागत नाही. काही बंधू विचारतात की, ह्या यात्रेकरूंस पाणी दिल्याने मूर्तिपूजेस साहाय्य होते काय? आम्ही म्हणतो, दारात रांजण भरून ठेवावा, फोड आलेल्या पायांस तेल द्यावे, आणि आपण कोण असे कोणी विचारल्यास, ख्रिस्ती आहोत आणि ह्याच गावचे आहोत, असे सांगावे.

वर्ग चालविणाऱ्याने आधी मंडळीतील वृद्धांस विचारून कोणाच्या घरी जुना हाली रुपया किंवा पैसा असल्यास तो मागून घ्यावा. तो व आजचे एखादे नाणे मेजावर शेजारी ठेवावे, लहान मुलांस जवळ बोलावून कोणावर काय छापले आहे ते त्यांच्याच तोंडून वदवावे, आणि मग मार्काचा उतारा वाचावयास घ्यावा.